आतून उघडणारं दार

“बाई, दार लावा की! माझी पानं उडतायत सगळी,” आजी ओरडल्या.

“दार उघडंच राहणार. पानांवर चष्म्याचं घर ठेवा.”

“घर कसं ठेवू? चष्मा तर नाकावर आहे!”

“म्हणूनच तर घर रिकामं आहे ना, आजी?”

वर्ग हसला. आजी पुटपुटत पिशवीत घर शोधायला लागल्या. माझ्या संध्याकाळच्या वर्गातल्या त्या सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थिनी. नातवाच्या आधी शालान्त परीक्षा पास होणार, अशी त्यांनी घरात पैज लावली होती. मी मोठ्या माणसांना शिकवते. त्यांच्यावर ओरडता येत नाही, उलट तीच माझ्यावर ओरडतात. माझा आवाज मुळातच खणखणीत, आणि त्या वर्षी मी तो आणखी चढवला होता, कारण माझा एक विद्यार्थी वर्गाबाहेर, व्हरांड्यात स्टुलावर बसायचा.

त्याला सगळे किल्लीवाला म्हणत. चाळिशीचा माणूस. कुलपं दुरुस्त करायचं, किल्ल्या बनवायचं त्याचं छोटंसं दुकान होतं, ते बंद पडलं होतं. लोक मागून काहीबाही बोलायचे. तो मात्र पहिल्याच दिवशी सरळ म्हणाला, “बाई, मी आजारी होतो. मनाचा आजार. गोळ्या चालू आहेत, त्यानं कधी कधी झापड येते. रागावू नका.”

“झोपलात तर उठवीन. पुढे?”

“पुढे म्हणजे... मला आत बसवत नाही. दवाखान्यात ज्या खोलीत होतो ना, त्या दाराला आतून मूठच नव्हती. जन्मभर लोकांची दारं उघडून दिली बाई, आणि स्वतः तिथे बसून राहिलो.”

मी फळा ओढून तिरका केला, व्हरांड्यातून दिसेल असा. वर्गातल्या निम्म्या लोकांच्या माना त्या वर्षी वाकड्या झाल्या. कुरकुर झाली, पण मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

त्याला सोबत म्हणून त्याची थोरली बहीण यायची. आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. ती त्याच्या शेजारी बसायची, मांडीवर एक पिशवी घेऊन. पिशवीत पाणी, गोळ्या, त्याचा स्वेटर. कधीही उठून निघता यावं म्हणून ती पिशवी खाली कधी ठेवायचीच नाही. तंत्रशाळेत नवख्या मुलांना कुलूपकाम शिकवायची जागा त्याला मिळण्यासारखी होती, पण शालान्त पास असणं गरजेचं होतं. ताईनं मला बजावलं होतं, “यंदा परीक्षेला बसला तर बसला. नाहीतर बास. मी त्याला घरीच ठेवीन. पुन्हा कोसळलेला मला बघवणार नाही.”

“अहो, किती जपाल? काचेचं भांडं आहे का तो?”

“तुम्ही फळ्यावर शिकवता, बाई. मी त्याला उचलून नेलंय दवाखान्यात.”

मी खडू उचलून फळ्याकडे वळले. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

एक दिवस मी शेकडेवारी शिकवत होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. “बाई, तुमच्या दाराची कडी अडकते. आतून लावली तर पटकन निघायची नाही.”

शिपायाला सांगते, असं मी म्हणणारच होते. पण काय वाटलं कोणास ठाऊक, म्हटलं, “मग करा की दुरुस्त. आत येऊनच करावी लागेल पण.”

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी भाजून निघाले असते.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं घेऊन आला. माझी शेकडेवारी चालू, आणि याचं कानस घासणं चालू. कडीला तेल दिलं. दार लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, उघडलं. मग हात पुसले आणि दाराजवळच्या बाकावर बसला, आतल्या बाजूला. मी सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं होतं, खबरदार कोणी टाळ्या वाजवल्या तर! पण आजींना कोण दटावणार?

“आलास बाबा एकदाचा! आता तरी लाव ते दार.”

“दार राहू दे, आजी,” तो म्हणाला. “मी आलोय ना, तेवढ्यावर भागवा.”

त्या दिवसापासून तो आत बसायला लागला. दार उघडं ठेवून, पण आत.

परीक्षा दुसऱ्या इमारतीत होती. मी केंद्रप्रमुखांना जाऊन भेटले. ते म्हणाले, “बाई, असे प्रत्येकाचे लाड पुरवले तर परीक्षा घ्यायची कशी?”

“ज्याला दिसत नाही त्याला तुम्ही लेखनिक देता. तो लाड आहे का? मग हाही नाही.” आणि डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवून मी तिथेच ठाण मांडलं. शेवटी दाराजवळची जागा मिळाली, दार उघडं ठेवायची परवानगी मिळाली, जीव घाबरला तर दोन मिनिटं बाहेर येता येईल हेही ठरलं. ताईला आणि मला व्हरांड्यात बसायची मुभा मिळाली. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी तो खोली बघून आला. तिथलं दार त्यानं इतक्या वेळा उघडलं-लावलं की पहारेकरी म्हणाला, “काय, विकत घ्यायचंय का?”

आणि पेपरच्या दिवशी खोलीच बदलली! छत गळलं म्हणून सगळ्यांना वरच्या मजल्यावर पाठवलं. कर्म माझं! नव्या खोलीच्या उंबऱ्याशी तो थांबला तो थांबलाच. तोंड पांढरंफटक. ताई पिशवी सावरून उभी राहिली. “चल. घरी जाऊ.”

‘अहो, एवढी मेहनत केलीत’ हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. विचारलं, “काय लागेल तुम्हाला?”

त्यानं दाराच्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाला, “दार बघायचंय.”

पर्यवेक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. “बघा, पण लवकर.”

बाकीचे परीक्षार्थी, आमच्या आजींसकट, व्हरांड्यातच खोळंबले होते. तो एकटा आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं. ताईनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. आत काही आवाज नाही. मग मूठ फिरली, दार उघडलं. पुन्हा लागलं, पुन्हा उघडलं.

“मूठ सैल आहे,” तो म्हणाला. कपाळावर घाम होता. “पण उघडतंय.” आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला.

मध्ये एकदा बाहेर आला. भिंतीला टेकून पाणी प्यायला. ताई लगेच उठली.

“वेळ किती उरलाय?” त्यानं विचारलं.

“भरपूर,” मी म्हटलं.

“मग जातो.”

थोड्या वेळानं वारा सुटला. उघड्या दारातून थेट आत. खोलीत पानांची फडफड झाली, आणि आजींचा ओळखीचा आवाज आला, “अगं बाई, गेलं माझं पान!” पर्यवेक्षक दटावू लागले. तेवढ्यात तो बाकावरून उठला. आजींचं पान उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. मग दारात आला, माझ्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

ताई पिशवीत गोळ्या चाचपत होती, ती आवाजानं दचकली आणि पिशवी बाकावर टाकून ताडकन उठली. “कोणी लावलं? बाई, दार कोणी लावलं?”

“त्यानंच.”

ती दारापाशी गेली. हात मुठीपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. आतून फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता. मी तोंडावर पदर धरून रडत होते आणि हसतही होते, लाज कसली त्यात!

निकाल पुढे लागला. दोघंही पास झाले, आजी तर नातवाच्या नाकावर टिच्चून. पण ते नंतरचं.

त्या दिवशी ताई दारापासून मागे फिरली, माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर घ्यायला म्हणून पिशवी उचलली, आणि तशीच खाली फरशीवर ठेवून दिली. पाय लांब केले.

“बाई,” ती म्हणाली, “इथे चहा कुठे मिळतो हो?”