हृदयाची ओहोटी

पंढरीला आयसीयूच्या काचेपलीकडे निजवलं होतं. छातीवर वायरी, कानामागं कालच्या हळदीचा पिवळा डाग तसाच. त्याची बायको गोजरा बाकावर बसली होती. दुपारी लेकीचं, अबोलीचं लग्न. रडू येत नव्हतं. हात मांडीवर दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पडले होते.

डॉक्टर संघप्रिया शेजारी टेकली. "मावशी, काकांच्या हृदयाच्या नळ्या मोकळ्या आहेत. गुठळी नाही कुठं. गोळी रोज घेत होते ना?"

गोजरा काचेतून आत बघू लागली.

"हृदय आवळतं तेव्हा अंगभर रक्त धाडतं, पण त्या आवळण्यात त्याच्याच नळ्या चिमटतात. सैल पडलं की मग त्याच्या तोंडी घोट पडतो. काकांचं हृदय बीपीनं जाड झालंय. धावत सुटलं, तर सैल पडायला वेळच मिळत नाही. गोळी ठोके सावकाश ठेवते. ती घेऊनही छातीत कळ आली असेल, तर मला औषधच बदलावं लागेल. खरं सांगा."

गोजराला खाडीचा बांध दिसला. आता तिथं सीवूड्सचे टॉवर. बांधातलं पाण्याचं दार, उघाडी म्हणायचे तिला. भरतीचं पाणी ती बाहेरून दाबून बंद धरायचं. ओहोटी लागली की दार आपसूक ढिलं व्हायचं, शेतात कोंडलेलं पाणी वाट धरायचं. भरतीत दाराशी झोंबायचं नसतं, हे शेंबडं पोरही जाणायचं.

"मीच नाय दिली गोली," ती म्हणाली. आवाज भिंतीतून आल्यासारखा. "सहा दिस. गोलीनं मानूस मंद होतो. पोरीच्या हलदीत बाप खुर्चीत बसला, तं गाव बोलला असता, पंढरी गेला कामातून."

"आणि नाचले?"

"दोन तास. गानी गाऊन धवलारीन दमली, ह्यो दमला नाय."

संघप्रियानं कागदावर काहीतरी खोडलं. "बरं झालं बोललात. तीच गोळी चालू करते. आत जा, जागे आहेत."

पंढरीनं डोळे किलकिले केले. "काय बोलली डाक्तरीन?"

"गोली मी देत नव्हती."

"ठावं हाय."

"मंग मागितली का नाय?"

"मना बी नाचायचं होतं." तो हसायला गेला, धाप लागली. "जा तू. पोर वाट बघंल."

गोजरा उठली नाही. मॉनिटरच्या पडद्यावर हिरवी रेघ चढत होती, उतरत होती. दोन ठोक्यांमधली सपाट जागा रुंद होते का, एवढंच ती बघत राहिली.