मांडीच्या मापाचं टेबल

अमृतरावांना मरणाची भीती नव्हती, भीती होती ती गुडघ्यांची. लिंगायतांत माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि बसलेलाच मातीत पुरतात. अमृतरावांना तर जिवंतपणीच मांडी घालता येत नव्हती. कंबर आखडलेली, गुडघे हटून बसलेले. थोरले भाऊ अमरनाथ गेले तेव्हा मुलं येईपर्यंत सगळे थांबले आणि तोवर अंगाचं लाकूड झालं. मग चौघांनी जोर लावून, सांधे कडाकडा मोडत त्यांना बसवलं. तो आवाज अमृतरावांच्या कानातून गेलाच नाही.

"माझं तसं होऊ देऊ नको गं," ते लेकीला म्हणत. रोज म्हणत.

लेक शिवानी पुण्याहून थाई मसाज शिकून आली होती. लातुरात मसाज म्हटलं की लोक आधी गालात हसतात आणि कंबर धरली की गुपचूप पत्ता विचारतात. शिवानीनं दोन्ही पचवलं होतं. पण बापाच्या त्या विनवणीनं तिचा जीव अर्धा व्हायचा. हा मसाज खाली गादीवर करायचा असतो, आणि अप्पांना खाली बसता येईना, बसवलं तर उठता येईना. म्हणून तिनं नांदेडहून घडीचं टेबल आणलं, दोन फूट रुंद, कमरेइतकं उंच. घाईत तिनं माप घेतलं ते दाराचं. अप्पांचं घ्यायला ती विसरलीच.

पहिल्याच दिवशी तिनं त्यांचा गुडघा बाहेरच्या बाजूला कलवला, तर तो कडेच्या बाहेर अधांतरी लटकला. अप्पा कळवळले. तिला वर चढून अंगाचा भार द्यायचा होता, तर स्वतःचा गुडघा टेकवायला बोटभर जागा नाही. नुसत्या हातानं दाबायला अप्पांची मांडी काय कणीक होती? ती मोरीत जाऊन रडली आणि तोंड धुऊन संगप्पा सुताराला बोलावून आली.

"माप कुणाचं घेऊ?" संगप्पानं विचारलं. "अप्पाला तर मांडी येत न्हाई."

शिवानी फरशीवर मांडी घालून बसली. "माझं घ्या. या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत. वर दोन्हीकडं माझा एकेक गुडघा टेकंल एवढी जागा सोडा. उंची ठेवा गुडघ्याइतकी, मला वर चढायचं हाय."

"लई रुंद होईल. आतच जोडावं लागंल, पुन्हा दारातून निघायचं न्हाई."

"न्हाई निघालं तर न्हाई."

अप्पांनी तोंड भिंतीकडं केलं. पुरायच्या खड्ड्यासाठी माप घ्यावं तसा बसलेल्या माणसाला टेप लावलेला त्यांना बघवेना.

नव्या टेबलावर पहिल्या दिवशी ते अवघडले. "छातीवर इष्टलिंग हाय, तुझा पाय लागंल."

"मांडीवरच टेकवते, अप्पा. तुमी लिंग हातात घ्या."

ते लिंग तळहातात धरून पडत. ती शेजारी गुडघ्यावर बसे, त्यांच्या मांडीवर गुडघा ठेवी आणि म्हणे, "श्वास सोडा, अप्पा." श्वास बाहेर पडला की ती अलगद कलत जाई. डावा गुडघा महिन्याभरात फळीला टेकला. उजवा मात्र वीतभर वरच अडून राहिला.

"कधी बसंल गं?"

"बसंल की," ती म्हणे. तिचा स्वतःचा त्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता.

एका सकाळी ती चहा घेऊन आली, तर अप्पा त्याच टेबलावर झोपेतच गेलेले होते. अंग अजून कोमट होतं. तिनं नांदेडला भावाला, अमरेशला, फोन केला.

"मी निघायलोय," तो रडत म्हणाला. "मी येईपर्यंत अप्पांना हलवू नका."

शेजारपाजार जमला, संगप्पाही आला. सगळ्यांचं एकच, मुलगा आल्यावर बसवू. शिवानीनं अप्पांच्या हनुवटीला हात लावला. जबडा कडक व्हायला लागला होता.

"आत्ताच बसवायचं," ती म्हणाली आणि टेबलावर चढली.

"बाईमाणसाचं काम हाय का हे? खाली उतर," कुणीतरी म्हणालं.

संगप्पानं सगळ्यांना बाहेर घेतलं, दार ओढलं आणि बाहेरून दाराला पाठ लावून उभा राहिला.

तिनं लिंग अप्पांच्या डाव्या तळहातात ठेवलं. डावा गुडघा आपसूक खाली गेला. उजव्या मांडीवर तिनं आपला गुडघा टेकवला.

"श्वास सोडा, अप्पा," तिच्या तोंडून सवयीनं निघालं.

ती वाट बघत राहिली. श्वास आला नाही. केव्हा कलायचं ते सांगणारं आता कुणी नव्हतं. शेवटी तिनं आपलाच श्वास सोडला आणि कानात प्राण आणून, हळूहळू कलत गेली. गुडघा खाली आला, आणखी खाली आला, फळीला टेकला. कसलाही आवाज झाला नाही.

मग तिनं त्यांना काखेत धरून उठवलं, पाय एकात एक अडकवले आणि ते मागं पडू नयेत म्हणून त्यांच्या पाठीशी स्वतः मांडी घालून बसली. टेबल दोघांना पुरलं. अमरेश येईपर्यंत ती तशीच बसून होती, बापाची पाठ छातीशी धरून.