ओळख पटवून सही

दवाखान्याच्या कारकुनाने, जयराजने, काचेखालच्या फटीतून मयत ताब्यात देण्याचा कागद बाहेर सरकवला आणि जिथे सही हवी होती तिथे पेन्सिलीने बारीक फुली मारली.

"पत्नी तुमीच न्हवं? खैरून दस्तगीर मणेर?"

खैरून मान हलवणार तेवढ्यात मागून इलाही पुढे आला. दस्तगीरचा धाकटा भाऊ. सकाळपासून तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

"सायेब, सही मी करतो. ह्यांचा तलाक झालाय."

"कोर्टाचा कागुद हाय का?"

"तोंडी झालाय. सहा वर्सं झाली."

"तोंडी आता चालत न्हाई." जयराजच्या आवाजात ना राग होता, ना कीव. "आनि भरती हुताना पेशंटनं सोताच नाव सांगितलंय. पत्नी म्हणून. फोन नंबरबी ह्यांचाच दिलाय."

खैरूनने खिडकीची कड धरली. सकाळी मिरजेच्या या दवाखान्यातून फोन आला, तेव्हा आपला नंबर यांना कुठून मिळाला, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

दस्तगीर द्राक्षबागांतले औषधफवारणीचे पंप दुरुस्त करायचा. सहा वर्षांपूर्वी एका भांडणात तो तीनदा तो शब्द बोलून गेला. भांडण तिच्या माहेरी जाण्यावरून, तेही दोन दिवसांच्या. बोलून झाल्यावर आधी तोच मटकन खाली बसला. मौलाना म्हणाले, झालं ते झालं, आता एका छताखाली राहणं हराम. सांगलीला विश्रामबागेतल्या स्वप्नाली वकील म्हणाल्या, कायद्याने काहीच झालेलं नाही. उलट असं बोलणं हाच गुन्हा आहे, तक्रार द्या, आत जातील.

खैरूनने तक्रार दिली नाही. घरीही परतली नाही. विश्रामबागेतल्या एका वसतिगृहात मुलींचा स्वयंपाक करू लागली, तिथल्याच एका खोलीत राहू लागली. सणावाराला मुली गावी गेल्या की एकटीपुरती भाकरी थापायची. दस्तगीर एकदाच फाटकापर्यंत आला होता.

"सरकार म्हंतंय, तू अजून माजी बायकू हाईस."

"आनि तुमी काय म्हंता?"

तो फाटकावरूनच माघारी फिरला. त्याला अल्लाची भीती होती. तिलाही होती. त्याने दुसरा निकाह केला नाही, तिनेही नाही. विश्रामबागेतून मिरजेला, त्याच्या घरी, बसने जेमतेम अर्धा तास लागतो.

"सही करा," जयराज म्हणाला. "पर आदी ओळख पटवाय लागंल. तसंच लिवलंय, बघा. तोंड बघून मग सही."

इलाही चपापला. "तोंड बगता येत न्हाई त्यास्नी. आमच्यात परक्या बाईला..." तो अडखळला. "मी बगतो की. सख्खा भाऊ हाय."

"बायकू हजर असताना भावाची सही कशी घिऊ? तुमाला दुपारच्या नमाजाआदी न्यायचंय न्हवं?"

शवागाराच्या दारात स्ट्रेचर आणलं. तिथल्या माणसाने पांढरी चादर हनुवटीपर्यंत खाली ओढली. इलाहीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

खैरूनने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती पुढे झाली. दाढी सगळी पांढरी झाली होती. गाल पार आत गेले होते. डाव्या भुवईवर टाक्यांचा व्रण होता, तो तिला माहीत नव्हता. पंपाचा दांडा उसळून लागला असेल. टाके घालायला सोबत कोण गेलं असेल? तिचा हात आपसूक उचलला गेला आणि चादरीपासून वीतभर अंतरावर थांबला. तिने तो पदराखाली घेतला.

"ह्येच न्हवं?" जयराज कागद घेऊन शेजारी उभा होता.

ती त्या चेहऱ्यावरून नजर न हलवता उभी राहिली.

"मावशी, ह्येच का?"

"जरा थांबा," खैरून म्हणाली. "ओळख पटंना."

जयराजने इलाहीकडे पाहिलं. तेवढ्यात जनाजा न्यायला आलेल्यांपैकी कुणीतरी दारातून हाक मारली, "इलाहीभाई, चला की. येळ हुतोय."

"थांबा रं," इलाही भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "लय दिसांनी बगत्यात त्या. यील ध्यानात."