शिवेपलीकडची डबी

माझा बाप देवभोळा होता असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भोळा कसला? देवाशी त्याचा रोखठोक व्यवहार होता. खाणीवर चिऱ्याला पहिला घाव घालण्याआधी तो जमिनीची माफी मागायचा. दम्याची गोळीसुद्धा आधी देव्हाऱ्यात ठेवायचा आणि मगच तोंडात टाकायचा. "डॉक्टरान दिल्यान, पण गुण देव देतलो," म्हणायचा. वीस वर्षं चिऱ्याची लाल धूळ छातीत भरलेली, देव तरी गुण देणार किती, असं मी एकदा बोलले तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षात आमच्या गावाची पळण लागली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर चार वर्षांनी ग्रामदेवाचा कौल घेतात, आणि देवाने हुकूम दिला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरात दिवा नाही, चूल नाही. चौथ्या दिवशी देवाने पुन्हा कौल दिला तरच परत फिरायचं. मधे कुणी शीव ओलांडली तर गावावर कोप होतो म्हणतात.

आमचं घर गावाच्या टोकाला, व्हाळाच्या अलीकडच्या काठावर. हा व्हाळ, म्हणजे ओढा, हीच गावाची शीव. पलीकडे माळावर आम्ही झोपडी घातली, तिथून आमचं तुळशीवृंदावनसुद्धा दिसायचं. देवळाचे मानकरी गुरुदासतात्या यांनी शिवेवर नजर ठेवायचं काम बापाला दिलं. खाणीवरच्या मजुराला असा मान कोण देतो? बाप तीन बोटं उंच झाला.

पहिल्याच दिवशी जानकीकाकी व्हाळाकडे धावत आली.

"अवो भिकाजीनू, माजी खुडूक कोंबडी रवली मा घरात!"

"रवांदे. देव राखतलो तिका," बाप म्हणाला. "ती तीन दिवस गप अंड्यार बसात, तुझ्यासारखी बोंबलूची नाय."

सगळे हसले. काकी शिव्या घालत परत गेली, पण गेली. बापाने वाट सोडली नाही.

दुसऱ्या रात्री दव पडलं, शेकोट्यांचा धूर माळावर साचला, आणि बापाचा दमा उसळला. सकाळी आईने गोळ्या शोधायला बोचकी सोडली. भांडी होती, तांदूळ होते, देव होते. देव बापाने स्वतः एकेक करून फडक्यात गुंडाळून आणले होते. पण देवांच्या मागे ठेवलेली डबी देव्हाऱ्यातच राहिली होती. आई राधाबाई म्हणजे हळू बोलणं ठाऊक नसलेली बाई. डबी घरात राहिली हे तिने छाती पिटत अख्ख्या माळाला सांगितलं.

शेजारचा शिवा सायकल घेऊन मालवणला डॉक्टरकडे निघाला. जाऊन येऊन संध्याकाळ होणार होती.

दुपारपर्यंत बापाचे ओठ निळे पडले. तो ओणवा बसून खांबाला धरून श्वास ओढत होता. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडायचा. आई गुरुदासतात्यांच्या पाया पडली. तात्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "राधे, माज्या हातात आसता तर मीच गेलो असतंय. पण साऱ्या गावाचो प्रश्न आसा." खरं तर बापालाच विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

आणि डबी समोर दिसणाऱ्या घरात. हाकेच्या अंतरावर. मला देवाचा, गावाचा, बापाचा, सगळ्यांचा संताप आला. मी एकोणीस वर्षांची होते, माघात तळेऱ्याला माझं लग्न ठरलं होतं. पाण्याला जाते सांगून मी कळशी घेतली, केवड्याच्या बनाआड गेले आणि व्हाळात पाय घातला.

गावात पान हललं तरी ऐकू येत होतं. कुठे धूर नाही, कुत्रं नाही, रहाटाची कुरकुर नाही. आपल्याच अंगणात मी चोरासारखी शिरले. शेजारून एकदम कुक्-कुक् आवाज आला आणि मी तुळशीवृंदावनाआड दडले. काकीची खुडूक कोंबडी. दाराची कडी दोनदा हातातून सुटली. रिकाम्या देव्हाऱ्यात डबी एकटी होती. ती चोळीत खुपसली आणि मागे न बघता पळाले.

झोपडीत आई नव्हती, ती तात्यांकडे पुन्हा गेली होती. मी बापाच्या तळव्यावर गोळी ठेवली.

"बाबानू, घेवा. शिवान हाडल्यान."

त्याने माझ्या हातातल्या डबीकडे पाहिलं. झाकणावर त्यानेच लावलेलं कुंकवाचं बोट होतं. मग माझ्या ओल्या परकराकडे पाहिलं. मला वाटलं, आता गोळी फेकून देणार. वर खांबाला देवांचं बोचकं टांगलं होतं, त्याच्याकडेही त्याने एकदा पाहिलं. आणि देवाला न दाखवता गोळी तोंडात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा.

"गुणाचा गो माझा चेडू," एवढंच म्हणाला.

घटकाभराने श्वास जरा मोकळा झाला. तेवढ्यात तात्या आत आले, मागे आई, जानकीकाकी, आणखी चारपाच जण. डबी बापाच्या मांडीवर तशीच होती. मूर्ख मी, लपवायचं सुचलं नाही.

"भिकाजी, ही डबी घरात रवलली मा?" तात्यांचा आवाज बदलला. "कोण गेला हाडूक?"

मी तोंड उघडलं. बापाने माझं मनगट धरलं. मेल्या माणसाचा हात असावा तसा गार होता, पण पकड घट्ट.

"मीच गेलंय."

"तू? तुका बसाक जमणा नाय!"

"देवाची आण घेवन सांगतंय, तात्यानू. मीच शीव ओलांडलंय. माझ्या घरच्यांचो काय दोष नाय."

आण घेतल्यावर कोण काय बोलणार? तात्या माझ्याकडे बघत राहिले. परकरातून पाणी अजून टपकत होतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरां." सगळे बाहेर गेले. बाप माझं मनगट सोडेना. "तळेऱ्याच्या लोकांक कळता नये," म्हणाला. "बोलशीत तर माझा मेलेला तोंड बघशीत."

न बोलताही ते बघावं लागलं. शिवा डॉक्टरला घेऊन पोचला तेव्हा बाप थकून गेला होता, सुई टोचली तरी छाती पुन्हा उघडली नाही. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता तो गेला. त्या सकाळी देवाने कौल दिला नाही. आणखी एक दिवस गाव बाहेर. प्रेत शिवेच्या आत नेता येईना, म्हणून माझ्या बापाला परक्या गावच्या मसणात जाळलं. जानकीकाकी सरणापाशी म्हणाली, "माज्या कोंबडेक सोडूक नाय, आणि आपण मात्र गेलो." कुणी तिला गप्प केलं नाही. गावात पटकी आली नाही, गुरं मेली नाहीत, तर लोक म्हणाले, कोप भिकाजीवरच भागला.

माघात माझं लग्न झालं. चार वर्षांनी पुन्हा पळण लागली, तेव्हा मी पोराला घेऊन आईसोबत राहायला आले. त्याच माळावर, तशीच झोपडी. आई चार वर्षं नवऱ्यावर रागावलेली होती. त्याच्या नावाने पान वाढतानाही बडबडायची, की मोठा देवमाणूस, आणि शेवटी देवालाच फसवलं. त्या दुपारी ती व्हाळाकडे बघत बसली होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं,

"सुगंधा, तेका चार पावलां चलाक जमा नाय होता. मगे थंयसर गेलो कसो गो?"

मांडीवर माझा मुलगा झोपला होता. दारात तळेऱ्याहून आलेला नवरा लाकडं फोडत होता.

"माका काय म्हायत," मी म्हटलं.