नाव बदलू नये

पिल्लू आणायचं नाही, यावर नवराबायकोचं एकमत झालं होतं, आणि त्या घरात एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. पिल्लू चपला खातं, पडदे फाडतं, आणि ते शहाणं होईपर्यंत आपल्याला काठी लागेल, असं बायकोचं म्हणणं. वर्षभर नवऱ्याचं डोकं खाऊन तिने त्याला निवाऱ्यातलं मोठं, समजतं कुत्रं आणायला राजी केलं होतं. नवरा औषधांच्या दुकानात तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. कोणाला काय दुखतं ते चिठ्ठीवरून ओळखायचा, पण स्वतःला काय दुखतं ते सांगेल तर शपथ.

"कुत्रं शांत हवं," स्कूटर लावताना तो म्हणाला. "बडबड करायला घरात एक माणूस आहे."

"तोंड मिटून बसायलाही एक आहे," बायको म्हणाली. "बघू, कोणाला जोडी मिळते ते."

निवारा म्हणजे एक जुनं गोदाम. मधून ओली, फिनेलचा वास येणारी वाट आणि दोन्ही बाजूंना जाळीची दारं. ते आत शिरले तशी तीस कुत्री एकदम भुंकायला लागली. निवारा चालवणाऱ्या बाई पुढे होत्या. बुटक्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आवाज असा की तिसांच्या वर ऐकू जावा.

त्या बाईंची एक पद्धत होती. जो कोणी आपलं कुत्रं सोडून जाई, त्याला त्या एक जाड कार्ड देत आणि समोर बसवून लिहायला लावत. हे काय खातं, कशाला भितं, कुठे झोपतं, जे काय असेल ते. टाइप केलेलं चालत नसे, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं तर मुळीच नाही. हाताने लिहिताना माणूस खोटं कमी बोलतो, असं त्यांचं मत होतं. मग ते कार्ड त्या कुत्र्याच्या दारावर अडकवलेलं असे. बायको प्रत्येक दारापाशी थांबून कार्ड मोठ्याने वाचत होती आणि प्रत्येक कुत्र्याच्या प्रेमात पडत होती. औषधवाला मागून घड्याळ बघत चालला होता.

शेवटच्या जाळीत एक तपकिरी कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक कान फाटलेला, अंगाने भरलेला. बाकीचे बोंब मारत होते आणि याला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

"हा शांत आहे, पण महाहट्टी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जाळीवर किल्ली वाजवली. "घुम्या! ए घुम्या, इकडे बघ!"

"ओ," औषधवाला म्हणाला.

म्हणून मोकळा झाला आणि मग त्याला कळलं की आपण काय म्हणालो. बाईंनी वळून पाहिलं. कुत्र्यानेही मान वळवून पाहिलं. बायकोला आधी हसू फुटलं आणि दुसऱ्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरचं हसू उडालं, कारण हे नाव तिला ठाऊक होतं. लहानपणी हा रुसला की तासन् तास बोलत नसे, म्हणून थोरल्या भावाने ठेवलेलं नाव. आई गेल्यापासून त्याला घुम्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाशी बारा वर्षं बोलणं नव्हतं.

"असतात सारखी नावं," तो पुटपुटला. "घुमा कुत्रा, म्हणून घुम्या. त्यात काय एवढं?"

पण कार्ड दारावर होतं, आणि तो पडला औषधवाला. डॉक्टरांचे कोंबडीचे पाय वाचण्यात ज्याची हयात गेली, त्याला अक्षर ओळखायला दुसरी नजर टाकावी लागत नाही. 'र'ला उगाच काढलेली शेपटी. संपता संपता वर चढत गेलेली ओळ. याच अक्षरात त्याच्या शाळेच्या प्रत्येक वहीवर नाव आणि इयत्ता घातलेली होती, कारण त्याचं स्वतःचं अक्षर दादाला बघवत नसे.

कार्डावर लिहिलं होतं: 'वय अंदाजे आठ. कुकरच्या शिटीला भितो. दुधात बुडवलेला पाव आवडतो. रुसतो फार. रुसला की भिंतीकडे तोंड करतो, जेवत नाही. हाका मारून उपयोग नाही. नाव बदलू नये. ते माझ्या धाकट्या भावाचं आहे. भाऊ आता या जगात नाही.'

त्याने ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. चिठ्ठीत औषधाचं नाव भलतंच दिसलं की तो जसा पाकिटावरचं आणि चिठ्ठीतलं अक्षर न् अक्षर ताडून बघे, तसं तिसऱ्यांदा वाचलं. मग नकळत स्वतःच्याच मनगटावर दोन बोटं ठेवली. नाडी लागत होती. चांगली धावत होती.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्ही तर आहात."

"आहे ना!" तो ओरडला, आणि तिसांच्या तिसांनी पुन्हा भुंकायला सुरुवात केली.

बाईंनी कुत्र्याला पट्टा लावून जाळीबाहेर सोडलं आणि दोघांना ऑफिसात नेलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या, एक पत्र्याचं कपाट. पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. हा माझा भाऊ आहे, हे कार्ड लिहिणारा, आणि तो जो या जगात नाही तो मी, एवढं सांगायला त्याला चार वेळा सुरुवात करावी लागली. बाई खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या.

"ते गेल्या आठवड्यात आले होते," त्या म्हणाल्या. "हा कुत्रा त्यांनी इथूनच नेला होता, सहा वर्षांपूर्वी. तो दिवस मी विसरणार नाही. माणूस दारात उभा राहून ढसाढसा रडत होता. म्हणाले, भावाला भेटायला त्याच्या दुकानावर गेलो होतो, शटर बंद, वर पाटी लावलेली, मालकांचं दुःखद निधन, दुकान चार दिवस बंद. परतताना या दारावरून जात होते. आत शिरले, एकच कुत्रा त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. म्हणाले, हाच द्या."

"घरी येऊन विचारायचं तरी!" बायको म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, भाऊ गेला आणि मला कोणी कळवलंसुद्धा नाही, मग त्या घरी कोणत्या तोंडाने जाऊ?" बाई औषधवाल्याकडे वळल्या. "पण मग ती पाटी कोणाची? दुकानाचे मालक तुम्हीच ना?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली. ती काही बोलणार नव्हती, तिने बारा वर्षं झाकली मूठ झाकलेलीच ठेवली होती.

दुकान त्याचं कधीच नव्हतं. तो तिथे पगारी होता, अजूनही आहे. बारा वर्षांपूर्वी एका घरगुती जेवणात, चार नातेवाइकांसमोर, दादा सहज बोलून गेला होता, "हा जन्मभर दुसऱ्याच्याच गल्ल्यामागे उभा राहणार." दादाची जीभ तिखट, मन तसं नव्हे. पण याच्या ते वर्मी बसलं. ताटावरून उठला आणि म्हणाला, "तेच दुकान घेतलंय मी. मालक आहे मी आता." तोंडातून गेलं ते गेलं. दादा उठून मिठी मारायला आला, खरंच आला, वहिनी तर गोड करायला धावली, पण हा चप्पल घालून बाहेर. त्यानंतर गेला असता तर दादाने दुकान बघायला मागितलं असतं आणि खोटं उघडं पडलं असतं. म्हणून गेला नाही. दादा समजला की हा रुसला. आणि सहा वर्षांनी खरे मालक वारले. व्यापारी संघाची छापील पाटी शटरवर लागली. नाव कशाला घालायचं, गल्लीत कोण गेलं ते पोराटोरांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकालाच, आणि त्याला याने स्वतः सांगितलं होतं की मालक मी.

"नाही," तो म्हणाला. बारा वर्षांत हे तो पहिल्यांदाच बोलत होता. "मालक मी नव्हतो."

आपणच आपल्याला मारलं, हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं. दादा सहा वर्षं आपल्यासाठी रडला. आपण त्या सहा वर्षांत मजेत जेवत होतो, वर म्हणत होतो की त्याला माझी आठवण तरी येते का. त्याला स्वतःची शिसारी आली.

"आता त्यांनी कुत्रा का सोडला?" बायकोने विचारलं.

"छातीचं ऑपरेशन आहे. उद्या दवाखान्यात भरती होणार, परवा ऑपरेशन. वाचलो तर पुढे मुलीकडे राहणार, तिथे कुत्रा चालत नाही, म्हणाले." बाई जरा थांबल्या. "आणि आमचा एक नियम आहे. कुत्रा घरी गेला की मी सोडणाऱ्याला लगेच फोन करते, नेणाऱ्याच्या समोर. नाव, पत्ता सांगत नाही. त्यांनी काही विचारलं तर मी उत्तर देते, नेणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. ते त्या फोनची वाट बघतायत. तेवढा आला की मी निश्चिंत, म्हणाले होते."

"कुत्रा आम्ही नेतोय," औषधवाला म्हणाला. "करा फोन. पण माझं काही सांगू नका. तीस वर्षं हृदयाच्या गोळ्या विकतोय मी. अशा छातीच्या माणसाला मेलेला भाऊ जिवंत आहे म्हणून सांगाल? ऑपरेशन होऊ दे. मग मी स्वतः जाईन."

"आणि मग सांगायला ते राहिलेच नाहीत तर?" बायको म्हणाली.

बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं, फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि नंबर लावला. तेवढ्यात कुत्रा उघड्या दारातून आत आला, पट्टा फरशीवर घासत. तो कपाटाशी जाऊन बसला.

दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला.

"गेला का?" दादा म्हणाला.

औषधवाल्याने टेबलाची कड घट्ट धरली. आवाज म्हातारा झाला होता. शब्दांच्या मध्ये धाप लागत होती. पण आवाज तोच.

"हो, गेला," बाई म्हणाल्या. "नवराबायको आहेत. चांगलं घर आहे."

"माणूस कसा आहे?"

बाईंनी समोर पाहिलं. "बरा वाटतो. बोलत नाही फारसा."

"अरे देवा," दादा हसला आणि त्याला खोकला आला. "म्हणजे दोघंही तसलेच. मग त्यांना एक सांगा, बाई. मी कार्डावर लिहिलंय, हाका मारून उपयोग नाही, पण पुढचं लिहायचं राहिलं. तो रुसून बसला तर येईल, येईल म्हणून वाट बघू नका म्हणावं. आपण उठायचं आणि जायचं. मी एकाची सहा वर्षं वाट बघितली. धाकटा तो, त्याने यायचं, या तोऱ्यात बसलो. आणि गेलो तेव्हा शटर बंद होतं." धाप लागली म्हणून तो थांबला. "एवढं सांगाल ना? बाकी काही नाही. ठेवतो मी."

"थांब," औषधवाला म्हणाला.

बाईंनी हात वर केला, मग तो हळूच खाली घेतला. बायकोने त्याचा खांदा धरला. पलीकडे धाप ऐकू येत होती, फोन बंद झाला नव्हता. काय बोलायचं ते त्याला माहीत नव्हतं. मी जिवंत आहे, असं कसं सांगायचं? हळू कसं सांगायचं, कोणत्या मात्रेत? जे सांगायचं बारा वर्षं राहिलं होतं, तेच त्याच्या तोंडून आलं.

"दादा, ते दुकान माझं नव्हतं. मालक दुसरे होते. ते गेले. मी खोटं बोललो होतो तुझ्याशी."

पलीकडून काहीच आलं नाही. धापही ऐकू येईना. बायकोचा हात त्याच्या खांद्यावर रुतला. बाई अर्ध्या उठून उभ्या राहिल्या होत्या. आपण दुसऱ्यांदा माणूस मारला, असं त्याला वाटलं, आणि या खेपेला खराखुरा.

"दादा?"

मग कोणीतरी लांब श्वास घेतला.

"आणि आता?" दादाने विचारलं. लहान मुलासारखा घाबरलेला आवाज होता. "आता तरी खरं बोलतोयस ना?"

"खरं बोलतोय."

"मग मी येऊ?"

"तू हलू नकोस," औषधवाला म्हणाला. तो उभा राहिला होता, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "जागचा हलू नकोस. मी निघालो."