बुरुजाच्या पायथ्याशी सत्कार

बोरदऱ्याच्या वाट्याला दीड तास होता. सावेडीहून आलेल्या मंडळींना एका दिवसात चार गढ्या बघायच्या होत्या आणि बोरदऱ्याची तिसरी. बुरुजावर चढून काढलेला फोटो असेल तीच गढी त्यांच्या 'गढीवाट' या सहलमार्गाच्या नकाशावर, असं संयोजक हर्षलने आधीच कळवलं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं गहिनीनाथ गुरुजी गावच्या गढीच्या मागे लागले होते. कमान, पाण्याचं टाकं, भिंतीतला चोरजिना, सगळं त्यांनी पावलांनी मोजलेलं. गढी एकदा नकाशावर आली की मी मरायला मोकळा, असं ते म्हणत. त्यावर त्यांची बायको राहीबाई म्हणे, "आधी दळण आणा."

बस चारला आली. पण सरपंच आबासाहेबांनी गढीच्या दरवाज्यातच मांडव घातला होता. पाहुणा शाल-नारळाशिवाय पुढे सरकला, असं बोरदऱ्यात आजवर झालं नव्हतं.

गुरुजी मनात हिशेब मांडू लागले. पाहुणे एकोणीस. शाल उलगडायची, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, फोटो काढायचा, आणि उपसरपंच फोटोत आले नाहीत म्हणून पुन्हा काढायचा. माणशी दोन मिनिटं. तेवढ्यात आबासाहेबांचं लक्ष बसकडे गेलं. "अहो ड्रायव्हरसाहेब, तुमी बी या! लाजताय काय?"

गुरुजी त्यांच्या कानाशी लागले. "आबासाहेब, टाइम चाललाय."

"गढी काय पळून चाललीय व्हय, गुरुजी? पाचशे वर्सं हितंच हाय. पाहुनं रोज येत्यात का?"

मग आबासाहेब बारा मिनिटं बोलले. त्यात गढी एकदा आली, डांबरी रस्ता नऊ वेळा. दूध डेअरीचे चेअरमन आठ मिनिटं बोलले, त्यात गढी आलीच नाही. गुरुजींनी ज्याची त्याची मिनिटं ज्याच्या त्याच्या नावावर टाकली आणि दात खाल्ले.

तरी अर्धा तास उरला होता. बुरुजावर जायला दहा मिनिटं पुष्कळ.

"आता गुरुजी दोन शब्द सांगतील, की आपण आत जाऊ," हर्षल म्हणाला.

दोनच शब्द, असं गुरुजींनीही खरंच ठरवलं होतं. पण कमान सांगून झाली आणि टाक्यावर अन्याय झाल्यासारखं वाटलं. टाकं सांगितल्यावर चोरजिना कसा सोडणार? आणि पाहुणे चक्क ऐकत होते! अकरा वर्षांत गुरुजींचं असं कुणी ऐकलं नव्हतं. मनगटावर घड्याळ होतं, पण ते दुसऱ्यांची मिनिटं मोजायला. डोक्यावर फेटा मिरवत ड्रायव्हरने हॉर्न दिला, तेव्हा गुरुजी नुसत्या तोंडाने तिसऱ्या बुरुजावर पोचले होते.

हर्षल उठला. "गुरुजी, असं डोळ्यांसमोर उभं केलंत, की बघायचं काही राहिलंच नाही."

"आणि फोटो?"

हर्षलने मोबाईल चाळला. सत्काराचे एकसष्ट निघाले, बुरुजावरचा एकही नाही. "पुढच्या गढीवर उजेडात पोचायचंय हो. आता पुढच्या वर्षी."

"पुढल्या वर्सी याच्या दुप्पट मांडव घालू!" आबासाहेबांनी बसला हात केला.

धुरळा खाली बसला तरी गुरुजी खुर्चीतच होते. राहीबाई समोर येऊन उभी राहिली.

"उठा."

"कुठं?"

"वर. अकरा वर्सं चोरजिना, चोरजिना ऐकतीय. मला तरी कुटं दावलाय?"

गुरुजी लगबगीने उठले. घसा खाकरला. "त्याचं असं आहे, हा जिना..."

"बोलायचं न्हाई," म्हणत राहीबाईने पदर खोचला आणि ती पुढे झाली.