कुकरमधल्या गोळ्या

पूर्णिमाने कुकरचं झाकण घट्ट लावलं आणि गॅस मोठा केला. आत डाळ नव्हती, तांदूळ नव्हते. पाण्यावर मूठभर भाजलेल्या गोळ्या तरंगत होत्या, बोराएवढ्या, राखडीने माखलेल्या. कारखान्याच्या मालकांनी, शालिग्रामकाकांनी, स्वतः ओंजळीतून आणून दिलेल्या.

उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडच्या दारात अशाच गोळ्यांनी भरलेला ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. ठेकेदाराचा माणूस चिराग घड्याळ बघत होता.

"दीदी, नमक डाला कि नहीं?"

ती हसली नाही. तलावातून उपसलेला गाळ आणि वीजघरातल्या कोळशाची राखड मळून या गोळ्या वळायच्या. भट्टीत त्या फुगत, हलक्या होत. गुढियारी वस्तीतल्या जुन्या शाळेवर दुसरा मजला चढत होता. भिंतींना जड स्लॅब पेलला नसता, म्हणून काँक्रीटमध्ये गिट्टीऐवजी, खडीऐवजी, या हलक्या गोळ्या. खाली बालवर्ग भरायचा.

पण काल चाळणीपाशी तिच्या हाताला घोंघ्यांच्या, तळ्यातल्या गोगलगायींच्या, शिंपल्यांचा चुरा लागला होता. गोळीत शिंपला राहिला, तर भट्टीत त्याचा चुना होतो आणि ओल लागली की तो फुगतो. आज नाही, चार महिन्यांनी, स्लॅबच्या पोटात. वाफेत मात्र तो लगेच गोळी फोडून बाहेर येतो.

कारखान्याची ही पहिलीच मोठी ऑर्डर. काकांच्या चहावर साय धरली होती.

फोन वाजला. सासूबाई.

"अवं पूर्णिमा, कुकर कुठी गेला?"

"मीच आणला, आई. कामाला."

"कामाले? मंग पोट्टीले खिचडी काहात टाकू?"

"आज त्या पातेल्यात शिजवा ना, गंजात."

"फॅक्टरीवाल्याइले गंज नाही भेटला वाटते," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

शिट्टी झाली. मग दुसरी, तिसरी. चिरागही घड्याळ सोडून कुकरकडे बघू लागला. वाफ जिरेपर्यंत पूर्णिमा कुकरच्या कानाला हात लावून बसली, तापलेल्या पोरीच्या कपाळाला लावावा तसा.

झाकण उघडलं. सगळ्या गोळ्या अख्ख्या.

"पाहिलं?" काका म्हणाले. "एकही नाही फुटली. काहून एवढी भिऊन राहिली होती, बेटा?"

"चलो, फिर निकलते हैं," चिराग उठला.

पूर्णिमाने एक गोळी तळहातावर घेतली. राखड धुऊन गेली होती आणि आतला रंग वर आला होता. तांबूस. मागे दुसऱ्या तलावाच्या गाळाची लहानशी खेप केली होती, ती अशी तांबूस निघाली होती. ट्रकमधला माल करड्या गाळाचा; काकांनी ओंजळीतून आणलेल्या या गोळ्या त्यातल्या नव्हत्याच.

तिने काकांकडे पाहिलं. ते भट्टीकडे बघत होते.

तिने गोळ्या जमिनीवर ओतल्या, रिकामा कुकर दांडीला धरला आणि ट्रकच्या चाकावर पाय देऊन वर चढली. कोपरापर्यंत हात आत घालून तिने आतल्या गोळ्यांची एक मूठ काढली आणि कुकरमध्ये टाकली.

"दीदी, अब क्या? टाइम नहीं है."

ती खाली उतरेपर्यंत काका शेगडीपाशी येऊन उभे राहिले होते. त्यांनी तिच्या हातातून कुकर घेतला, मगभर पाणी ओतलं आणि आगपेटी शोधायला खिसे चाचपले.

"चिराग," पाठ न वळवता ते म्हणाले, "ड्रायव्हरले सांग, इंजिन बंद कर म्हणा."